काठ्या वर गेल्या की

ऑर्केस्ट्राची नाइट असली की आई आणि मी तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसायचो आणि मी मान उंच करकरून बाबांना शोधायचे. पुढे गायक, गायिका, निवेदक. त्यांच्या मागे अ‍ॅकॉर्डियन, गिटार, कीबोर्ड. त्याच्याही मागे, पडद्याला पाठ टेकल्यासारखे, रिदमवाले. तबला-ढोलक, ड्रमसेट आणि एका टोकाला तुंबा-बोंगो हे हाताने वाजवायचे ढोल घेऊन बाबा. दिवसा रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी आणि गणपती-नवरात्रात, शनिवार-रविवारी हे. निघण्याआधी ते बोटांच्या पेरांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळायचे. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला दोन फेरे, बाकीच्यांना एकेक. पट्टी दातांनी तोडायची, टोक अंगठ्याने दाबून बसवायचं. रात्री दोन-अडीचला घरी आल्यावर ती सोडवली की आतलं बोट लालबुंद दिसायचं. कार्यक्रमाच्या शेवटी निवेदक सगळ्यांची नावं घ्यायचा. बाबांपर्यंत येईतो लोक उठून चपला शोधत असायचे, आणि पुष्कळदा तो ‘आणि आपला रिदम सेक्शन’ एवढं म्हणून मोकळा व्हायचा.

मला भयंकर राग यायचा. बाबांना यायचा नाही. “अगं, मागे बसलं की सगळा बँड दिसतो,” ते म्हणायचे. “पुढच्याला काय दिसतं? नुसतं पब्लिक.”

टीटो प्वेंते हा न्यूयॉर्कचा ढोलवादक आणि बँडप्रमुख माझ्या आयुष्यात आला तो याच रागाच्या वाटेने. बाबांचे एक ट्रंपेटवाले मित्र धोबी तलावच्या एका कुडात राहायचे. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी, मुख्यतः बोटीवर काम करणाऱ्या तारवटींसाठी, चालवलेली राहण्याची जागा. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या तारवटींच्या बॅगांतून जगभरच्या कॅसेटी यायच्या. त्यातली एक बाबांकडे आली. वर नाव नाही, काही नाही, नुसती निळ्या शाईची फुली. बाबांनी ती लावली आणि पहिल्याच गाण्याला जेवता जेवता घास हातात धरून थांबले. पुष्कळ वर्षांनी, इंटरनेट आल्यावर मी ती चाल ओळखून काढली. तो प्वेंतेचा ‘डान्स मेनिया’ होता. १९५७च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेला आणि १९५८ साली बाजारात आलेला अल्बम. अमेरिकेने जपून ठेवण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची राष्ट्रीय यादी २००२ साली करायला घेतली, तेव्हा पहिल्याच फेरीत तो तिच्यात गेला.

त्या रात्री बाबांना सापडलं नव्हतं ते एवढंच, की ही सम कुठे आहे. “बेसवाला पहिल्या मात्रेला गप्प बसतो,” ते म्हणाले. “मुद्दाम बसतो.” ते त्यांनी कानाने पकडलं होतं. मला ते समजायला फार उशीर लागला, म्हणून इथे जरा सावकाश सांगते.

टेबलावर बोट ठेवा आणि तीनतालासारख्या सोळा मात्रा मोजा, जरा जलद. टाळी फक्त पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेला द्या. बाकीच्या नुसत्या मनात. दोन-चार आवर्तनं झाली की हाताला एक लंगडी पण पक्की चाल सापडते. हिला क्लावे म्हणतात. क्युबाचं नृत्यसंगीत या पाच टाळ्यांवर उभं आहे. पहिल्या आठ मात्रांत तीन टाळ्या, दुसऱ्या आठांत दोन. कधी क्रम उलटा, आधी दोन मग तीन. सगळी वाद्यं या चालीला धरून आपापली जागा घेतात. बेस चौथ्या आणि सातव्या मात्रेला वाजतो, पुढच्या निम्म्यातही तसाच, आणि पहिल्या मात्रेला गप्प. आपला कान सगळं समेवर येऊन मिळण्याची वाट बघतो. इथे समेची जागा मोकळी सोडलेली असते, आणि त्या मोकळ्या जागेत नाचणाऱ्याचं अंग शिरतं. क्लावेच्या उलट्या बाजूने कोणी वाजवलं तर तिथल्या वादकांना ते आपल्याकडे ठेका सुटावा तसं बोचतं. क्लावे स्वतः ऐकू येत असेल किंवा नसेलही. कोणी वाजवो न वाजवो, सगळ्यांच्या अंगात ती चालू असते.

हे सगळं अंगात घेऊन वाढलेला मुलगा क्युबातला नव्हता. एर्नेस्तो आंतोनिओ प्वेंते २० एप्रिल १९२३ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम हॉस्पिटलमध्ये जन्मला. आईवडील पोर्टो रिकोचे. राहणं पूर्व हार्लेममध्ये, ज्याला तिथली माणसं ‘एल बारिओ’, म्हणजे आपली वस्ती, म्हणत. वडिलांचंही नाव एर्नेस्तोच, म्हणून हा धाकटा एर्नेस्तितो, आणि त्याचा झाला टीटो. घरात डबे, खिडकीची चौकट, टेबल, जे हाताला लागेल ते बडवायचा. शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि आईला सांगितलं की याला काहीतरी शिकायला घाला. आईने घातलं. पंचवीस सेंट देऊन पियानोची शिकवणी. पुढे ड्रम आणि सॅक्सोफोनही. डोळ्यापुढे आदर्श होता जीन क्रुपा, त्या काळातला जॅझचा सगळ्यात गाजलेला ड्रमर.

पण माझ्या लेखी या बालपणातली सगळ्यात मोलाची गोष्ट दुसरीच आहे. टीटो नाचायचा. बहीण अ‍ॅनाबरोबर त्याची जोडी होती, फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स या हॉलिवूडच्या नाचणाऱ्या जोडीच्या धर्तीवरची. सायकलवरून पडून घोट्याला दुखापत झाली आणि नाच व्यवसाय म्हणून करण्याचा विचार मागे पडला. नाच मात्र अंगातून गेला नाही. पुढची साठ वर्षं हा माणूस वाजवत होता तेव्हा त्याच्या आत एक नाचणारा मुलगा मोजत उभा होता, असं मला त्याला ऐकताना सतत वाटतं. त्याचे तुकडे पावलाच्या मापाचे असतात. दोन आवर्तनं चढत जाणारा ब्रासचा, म्हणजे ट्रंपेट-ट्रॉम्बोनचा, तुकडा आणि मग अचानक सगळं बंद, फक्त ढोल. ती जागा गिरकीची असते. नाचलेल्या माणसालाच ती तिथे ठेवता येते.

विशीच्या आत तो माचितोच्या बँडमध्ये शिरला. माचितो म्हणजे फ्रँक ग्रिलो, क्युबाचा गायक. त्याचा मेहुणा मारिओ बाउसा हा बँडचा खरा मेंदू. क्युबाच्या ढोलांवर न्यूयॉर्कच्या जॅझची ब्रास कशी बसवायची, हे कोडं १९४०च्या सुमाराला या दोघांनी सोडवलं. असल्या ठिकाणी पोराला जागा मिळाली आणि लगेच, १९४२ साली, नौदलाचं बोलावणं आलं. महायुद्धातली तीन वर्षं त्याने ‘यूएसएस सँटी’ या लहान विमानवाहू जहाजावर काढली. नऊ लढाया पाहिल्या. जहाजाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन आणि ड्रम वाजवले. त्या जहाजावर एक वैमानिक होता, युद्धाआधी चार्ली स्पिव्हाकच्या बँडसाठी संगीत-रचना लिहिणारा. त्याच्याकडून टीटो बँडसाठी स्वरलेखन करायला शिकला. ट्रंपेटला काय द्यायचं, सॅक्सला काय, कोणी कधी गप्प बसायचं, हे कागदावर मांडायला. समुद्रात, लढाईच्या मधल्या रिकाम्या वेळात.

परत आल्यावर सरकारने माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलला. त्या पैशावर तो ज्युलियार्ड या न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या संगीतशाळेत गेला आणि संचलन, वाद्यवृंद-रचना आणि संगीतशास्त्र शिकला. दिवसा ज्युलियार्ड, रात्री नाचाचे हॉल. होसे कुर्बेलो, पुपी काम्पो यांच्या बँडमधून काम करत करत १९४८च्या सुमारास त्याने स्वतःचा बँड उभा केला. आधी नाव ‘पिकॅडिली बॉइज’, लवकरच ‘टीटो प्वेंते आणि त्याचा ऑर्केस्ट्रा’. १९४९ साली ‘आबानिकितो’ हे गाणं निघालं, गायक विसेंतिको वाल्देस. ते गाजलं आणि मग मागे वळून बघावं लागलं नाही.

आता पॅलेडियम. इथे थोडं रेंगाळल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवे आणि ५३व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिना चढून वर, एक मोठा नाचाचा हॉल होता. धंदा बसलेला. फेदेरिको पागानी नावाच्या आयोजकाने तिथे लॅटिन बँड लावून बघितले आणि रांगा लागल्या. १९५०च्या दशकात हा हॉल मांबोचं, म्हणजे क्युबाच्या त्या नाचाचं आणि त्याच्या संगीताचं, घर झाला. तीन बँड, तिघांच्यात चुरस: माचितो, टीटो प्वेंते आणि टीटो रॉड्रिगेझ. दोन टीटोंचं तर जाहिरातीत कोणाचं नाव वर छापायचं यावरून वाजायचं. बुधवारी ‘किलर जो’ पिरो नाच शिकवायचा आणि नट-नट्या, चित्रकार, लेखक बघायला यायचे. पण मला ओढ वाटते ती फरशीवरच्या गर्दीची. पोर्टो रिकोचे, क्युबाचे, काळे, इटालियन, ज्यू. शहरात एरवी ज्यांची वस्ती, चर्च, शाळा सगळं वेगळं, ती माणसं इथे एका लाकडी फरशीवर. तिथली सगळ्यात नावाजलेली जोडी ‘क्यूबन पीट’ आणि मिली डोने यांची. तो पोर्टो रिकोचा, ती इटालियन वंशाची. फरशीवर एकच प्रश्न विचारला जायचा: तुला नाचता येतं का?

आणि बँडला विचारला जाणारा प्रश्न: तुला नाचवता येतं का? ही परीक्षा फार कडक असते. बसून ऐकणारा प्रेक्षक सभ्य असतो, कंटाळला तरी टाळ्या वाजवतो. नाचणारा कंटाळला की फरशी सोडून निघून जातो. फरशी रिकामी झालेली वाजवणाऱ्याला दिसते. प्वेंतेने आठवड्यातल्या कित्येक रात्री, वर्षानुवर्षं, ही परीक्षा दिली. ज्युलियार्डचं शिक्षण त्याने या फरशीपुढे रोज तपासून घेतलं, आणि जे पायांना पोचलं नाही ते टाकलं.

आपल्याकडे नाचायच्या संगीताला दुय्यम मानायची एक जुनी खोड आहे. बसून, डोळे मिटून ऐकायचं ते थोर. उठून नाचायचं ते हलकं. हे मला कधीच पटलेलं नाही. ढोलकीफडाच्या तमाशात ढोलकीवाला कमरेला ढोलकी बांधून पुढे उभा असतो, लावणी नाचणारीच्या समोर. तिच्या पायावर त्याची नजर, त्याच्या थापेवर तिचा पाय. ढोलकी-हलगीची जुगलबंदी सुरू झाली की गाणं थांबतं आणि लोक त्या दोघा वाजवणाऱ्यांनाच दाद देतात. तिथे मागे-पुढे हा हिशेब नाही. बाबांना ढोलकीचं अतोनात प्रेम, ते यासाठीच असावं. ऑर्केस्ट्रात आल्यावर मात्र तीच थाप पडद्यापाशी गेली.

प्वेंतेने केलं ते हेच, उलट्या दिशेने. टिंबालेस हे क्युबाचं वाद्य: धातूच्या कड्याचे, वरून चामडं आणि खालून उघडे असे दोन ढोल, स्टँडवर शेजारी शेजारी, मधे एक-दोन घंटा, बाजूला झांज. दान्सोन हा क्युबाचा जुना नाच वाजवणाऱ्या बँडांतल्या अवजड नगाऱ्यांची ही सुटसुटीत भावंडं. वाजवायचे दोन पातळ सरळ काठ्यांनी. हे वाद्य बँडच्या मागच्या अंगाला असायचं. प्वेंतेने ते पुढे आणलं, अगदी स्टेजच्या कडेला, आणि उभं राहून वाजवायला लागला. बँडचा प्रमुख म्हणजे गायक किंवा पियानोवाला, नाहीतर हातात छडी घेऊन उभा असलेला देखणा माणूस, अशी समजूत होती. इथे प्रमुख घाम गाळत ढोल बडवत होता आणि सगळा बँड त्याच्या हातावर चालत होता.

टिंबालेसवर तो काय करतो ते एकदा नीट ऐका. गायक कडवं गात असतो तेव्हा तो चामड्याला हातच लावत नाही. ढोलाच्या धातूच्या कुशीवर काठीने एक बारीक, कोरडी चाल धरतो. तिला कास्कारा म्हणतात. आवाज टरफलासारखा, गाण्याच्या अंगावर न येणारा. मग गाणं त्या भागाकडे वळतं जिथे गायक आणि कोरस यांचे सवालजवाब चालतात, आणि त्याची काठी घंटेवर जाते. बोंगोवालाही त्याच वेळी बोंगो सोडून हातातली मोठी घंटा उचलतो. दोन घंटा, दोन वेगळ्या चाली, एकमेकींच्या मधल्या जागा भरणाऱ्या. फरशी इथेच पेटते. आणि या दोन भागांच्या मधे, दाराच्या उंबऱ्यावर असतो तो आबानिको: ढोलाच्या काठावर कडकडीत ठोका, एक छोटा घोळ, पुन्हा ठोका. आबानिको म्हणजे पंखा, फटकन उघडणारा. आपल्या ढोलकीच्या उठाणीसारखा. तो वाजला की अख्ख्या बँडला आणि अख्ख्या फरशीला कळतं, आता पुढचं दार उघडलं.

त्याला ढोलांवर इतका विश्वास होता की १९५०च्या दशकात त्याने जवळजवळ नुसत्या ढोलांचे अल्बम केले. ब्रास नाही, पियानो नाही. त्यातल्या पहिल्या ‘प्वेंते इन पर्कशन’मध्ये त्याच्याबरोबर मोंगो सांतामारिया, विली बोबो आणि पातातो वाल्देस असे एकापेक्षा एक तालवादक आहेत, आधाराला एक बेस. आज असे अल्बम ढीगभर निघतात. तेव्हा नाचाच्या बँडने गाणंच काढून टाकणं म्हणजे जुगार होता. मोंगो आणि बोबो लवकरच त्याला सोडून गेले, दोघांचंही पुढे स्वतंत्र नाव झालं. मोंगोच्या जागी तुंब्यावर रे बारेतो आला. ‘डान्स मेनिया’त तो आहे आणि तोही पुढे मोठा बँडप्रमुख झाला. बाबांचा घास थांबला तो बहुधा बारेतोच्या हातावर.

याच वर्षांत मुंबईतही हे सूर पोचत होते. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त, १९५१ साली, बोंगोंचा जो कल्लोळ आहे त्यामागे गोव्याच्या हळदोण्याचे चिक चॉकलेट आणि त्यांच्यासारखे वादक होते, जे रात्री हॉटेलांत नाचाचे बँड वाजवायचे आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला यायचे. त्याच्या वर्षभर आधीचं ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ हे लंडनमध्ये बँड चालवणाऱ्या एडमंडो रॉसच्या एका गाण्यावरून घेतलेलं, आणि त्या मूळ गाण्यातला नायक पोर्टो रिकोचा आहे. पुणतांब्यात जन्मलेला आपला संगीतकार आणि एल बारिओतला तो मुलगा एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण बाबा बोंगोवर जो हात शिकले तो कुठून कुठून फिरत आला, याचा माग काढताना मला दर वेळी भरून येतं.

साठचं दशक प्वेंतेला कठीण गेलं, आणि त्याबद्दल थोडक्यातच सांगते, कारण त्यात संगीत कमी आणि पडझड जास्त आहे. क्युबाशी अमेरिकेचे संबंध तुटले आणि नवे सूर येण्याचा झरा आटला. पॅलेडियमचा दारूचा परवाना गेला आणि १९६६ साली हॉल कायमचा बंद झाला. रॉक आलं, बूगलू आलं, मोठे बँड पोसणं परवडेना. त्याने ला लुपे या विलक्षण क्यूबन गायिकेबरोबर रेकॉर्ड केल्या, त्या चालल्या. पुढे सेलिया क्रूझ या दुसऱ्या क्यूबन गायिकेबरोबरची त्याची साथ दीर्घ काळ टिकली. १९७०च्या दशकात या सगळ्या संगीताला ‘साल्सा’ हे नवं नाव पडलं. ते त्याला अजिबात आवडलं नाही. साल्सा म्हणजे रस्सा, चटणी. ती खायची असते, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. मी जे वाजवतो ते क्युबाचं संगीत, त्यातल्या प्रत्येक चालीला स्वतःचं नाव आहे: मांबो, चा-चा-चा, ग्वाग्वांको. मला त्याची ही चीड फार जवळची वाटते. ज्याने एकेक चाल हाताला घट्टे पडेपर्यंत घोटली, त्याला सगळ्यांवर एकच लेबल चिकटवलेलं कसं चालेल? आपल्याकडेही लावणीच्या बैठकीची, फडाची आणि सिनेमातल्या लावणीची एकच मोट बांधली की जाणत्या माणसाचा चेहरा असाच उतरतो.

‘ओये कोमो वा’ची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. नावाचा अर्थ साधा: ऐक, कसं चाललंय. १९६२ साली त्याने हे चा-चा-चा रेकॉर्ड केलं. सुरुवातीची ती डुलणारी चाल काचाओ या थोर क्यूबन बेसवादकाच्या ‘चांचुयो’ची आठवण देते, हे ऋण जाणकारांनी वारंवार दाखवलंय आणि मलाही ते मोकळेपणाने मान्य करावंसं वाटतं, त्याने प्वेंतेचं काही कमी होत नाही. १९७० साली कार्लोस सांताना या रॉकवाल्याने तेच गाणं गिटारवर घेतलं आणि ते जगभर गेलं. आधी प्वेंतेला ते रुचलं नाही. मग रॉयल्टीचा चेक आला आणि मत बदललं, हे तो स्वतःच हसत हसत सांगायचा. कार्यक्रमांत लोक त्याला ‘सांतानाचं गाणं’ वाजवायला सांगायचे आणि तो वाजवायचा. हे मला इतकं सहज पचत नाही. ज्याने गाणं बांधलं त्यालाच ते दुसऱ्याच्या नावाने मागायचं, याचा मला त्याच्या वतीने त्रास होतो. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “वाजवायला मिळत होतं ना?” त्यावर मी काही बोलले नाही.

पुढचं सगळं मानसन्मानाचं आहे. बेनी मोरे या क्यूबन गायकाला वाहिलेल्या अल्बमसाठी पहिलं ग्रॅमी १९७९ साली. ऐंशीच्या दशकात त्याने मोठा बँड बाजूला ठेवून छोटा लॅटिन जॅझचा संच केला. १९९१ साली त्याचा शंभरावा अल्बम म्हणून एक अल्बम निघाला. १९९२च्या ‘द मांबो किंग्ज’ या सिनेमात तो स्वतःच्याच भूमिकेत आहे. १९९७ साली अमेरिकेचं राष्ट्रीय कलापदक. तरुण तालवादकांना शिकता यावं म्हणून त्याने शिष्यवृत्तीचा निधी उभा केला, आणि या यादीत मला हाच सन्मान सगळ्यात मोठा वाटतो. ज्याच्या आईने शिकवणीसाठी पंचवीस सेंट मोजले त्याला तो सुचणं साहजिकच होतं. सत्तरी उलटली तरी तो उभं राहूनच वाजवायचा. २०००च्या वसंतात पोर्टो रिकोतल्या कार्यक्रमानंतर तब्येत बिघडली, न्यूयॉर्कमध्ये हृदयावर शस्त्रक्रिया झाली, आणि ३१ मेच्या रात्री तो गेला. वय सत्त्याहत्तर. पियानोवादक एडी पालमिएरीबरोबर नुकताच केलेला अल्बम त्याच वर्षी लोकांपुढे आला. पूर्व हार्लेममधल्या ११०व्या रस्त्याला आता त्याचं नाव आहे, जिथे शेजाऱ्यांना त्याचा आवाज सहन व्हायचा नाही तिथेच.

मागच्या दिवाळीत मी डोंबिवलीला बाबांकडे गेले होते. बोटं आता आखडलीत, सकाळी गरम पाण्यात हात बुडवून बसतात. मी टीव्हीवर प्वेंतेचा एक जुना कार्यक्रम लावून दिला. त्यांनी त्याला एवढी वर्षं ऐकलं होतं, वाजवताना पाहिलं नव्हतं. पांढरे केस, मोठाले डोळे, जीभ बाहेर काढून, खांदे उडवत वाजवणारा म्हातारा. मला वाटलं, ढोलवाला पुढे उभा आहे हे बघून बाबा खूश होतील. मी तेवढ्यासाठीच तर लावलं होतं. पण ते भुवया आक्रसून बघत राहिले.

“हा पब्लिककडे तोंड करून उभा आहे,” ते म्हणाले. “पाठ बँडकडे. मग मागच्यांना खूण कशी देतो?”

मी म्हटलं, आबानिको वाजवतो ना, ठोका ऐकून कळत असेल.

“तो ठोका म्हणजे दार उघडलं. दाराशी येतोय हे आधी कळायला नको? सोळा-सोळा माणसं आहेत. ट्रंपेटवाल्याला श्वास भरायला वेळ लागतो.”

त्यांनी रिमोट मागितला. मागे नेलं, पुन्हा बघितलं. पुन्हा मागे नेलं. प्वेंते एकल वादनाच्या शेवटाकडे आला की उजवा हात सरळ डोक्याच्या वर न्यायचा, काठी उंच, क्षणभर तशीच, आणि मग खाली. प्रेक्षक त्याच क्षणी ओरडायचे. मी ते आजवर शंभरदा बघितलं होतं आणि दर वेळी मला ती त्याची अदा वाटली होती, लोकांसाठी केलेली.

“ही काठी लोकांसाठी नाही,” बाबा म्हणाले. “मागच्या रांगेला दिसावी म्हणून एवढी वर नेतोय. बघ, तो शेवटचा ट्रंपेटवाला. काठी वर गेली की त्याने वाद्य ओठाला लावलं.”

त्यांनी पुन्हा मागे नेलं. या वेळी मी प्वेंतेकडे बघितलंच नाही. मागच्या रांगेत, दिव्यांच्या जवळजवळ बाहेर, एक टक्कल पडलेला माणूस ट्रंपेट मांडीवर धरून बसला होता. काठी वर गेली. ट्रंपेट उचललं गेलं.

“आवाज वाढव,” बाबा म्हणाले.